भुताचे मागणे

आमच्या वऱ्हाडात कुणाला भूत लागले की आधी त्याच्याशी बोलणे सुरू होई. तू कोण, कुठल्या गावचा, कशापायी धरलेस आणि काय घेऊन जाशील, असे भगताने विचारायचे आणि झाडाच्या, म्हणजे बाधा झालेल्या माणसाच्या, तोंडून त्याच्या नेहमीच्या नसलेल्या आवाजात उत्तर यायचे: दहीभात, लिंबू, हिरवी चोळी, एखादे कोंबडे. मागणे पुरवले की भूत निघून जाई, निदान निघण्याचे कबूल तरी करी. या व्यवहारावर माझा विश्वास कधीच नव्हता; पण त्यातल्या शिष्टाचाराचे आकर्षण मात्र वय वाढले तसे वाढत गेले आहे. भयालाही नाव असते, गाव असते, एखादी अपुरी राहिलेली इच्छा असते, आणि म्हणूनच त्याच्याशी बोलणी करता येतात, ही केवढी उदार कल्पना आहे! भयपटांतला खलनायक गेल्या काही दशकांत कसा बदलला याचा विचार करू लागलो की मला मुखवटे आणि रंगभूषा आठवत नाहीत. तो काय मागतो, हाच प्रश्न आधी उभा राहतो.

आमचे अमडापूर हे चिखली-खामगाव रस्त्यावरचे गाव. डोंगरावर बल्लाळदेवी आणि चहूकडे कापूस-सोयाबीनची काळी माती. दक्षिणेला लोणार आहे, तिथल्या विवराच्या तळाशी लवणासुर राहत असे. पुराणकथेतला हा दैत्य भूमीखाली दडून सृष्टीला छळी. सुंदर तरुणाचे रूप घेऊन आलेल्या विष्णूवर त्याच्या बहिणी भाळल्या, त्यांनीच भावाचे बीळ दाखवले, आणि देवाने पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवून त्याला मारले. सरोवराचे खारे पाणी हे त्याचे रक्त, अशी श्रद्धा. दैत्यसूदनाच्या मंदिरात तो अजून देवाच्या पायाखाली आहे. 2020च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हा शास्त्रज्ञांनी खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले. जुन्या माणसांना मात्र वेगळेच काही आठवले असणार. मला त्या कथेत भयापेक्षा बहिणींचा विश्वासघात अधिक अस्वस्थ करतो. दैत्य मेला तो देवाच्या बळाने, पण सापडला तो घरच्यांमुळे. आणि ज्याला बहिणी असतात, तो दैत्य अजून आपल्यातलाच असतो.

हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंच्या पडद्यावर हा दैत्य हवेलीत राहायला आला. 1972च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून त्यांची गादी चालू झाली, आणि 1984च्या ‘पुराना मंदिर’मधला सामरी तर तंबूतल्या आणि पुढे भाड्याच्या व्हिडिओवरच्या प्रेक्षकांच्या स्वप्नात कायमचा वस्तीला आला. अनिरुद्ध अग्रवाल या उंचापुऱ्या नटाच्या चेहऱ्याची ठेवणच अशी होती की रंगभूषाकाराचे निम्मे काम नियतीनेच उरकून ठेवले होते. सामरीचे शिर धडावेगळे करून त्रिशूळाच्या पहाऱ्यात बंदिस्त केलेले, धड दुसरीकडे पुरलेले. त्याचा शाप राजाच्या वंशातल्या स्त्रियांवर. हे चित्रपट बटबटीत होते, विनोदाची ठिगळे लावलेले होते, आणि तरीही त्यांचा पाया जुना, ग्रामीण आणि सचोटीचा होता: कुणा पूर्वजाने काही केले, त्याचे देणे आज मागितले जात आहे. खलनायक सावकारासारखा दारात उभा आहे आणि त्याच्या हातात खाते आहे.

मराठीने या खात्याशी निराळाच खेळ केला. 1976च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ने भुताची वाट माणसाच्या दुभंगलेल्या मनाकडे वळवली. 1993मध्ये महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने हॉलिवूडमधल्या खुनी बाहुल्याची कल्पना उचलली आणि रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यातून तात्या विंचूला जन्म दिला. त्याचे मागणे किती केविलवाणे! त्याला देह हवा आहे, पुन्हा माणूस व्हायचे आहे. मुले त्याला घाबरली आणि त्याच्यावर लुब्धही झाली, कारण माणूसपणाची एवढी असोशी त्या चित्रपटातल्या धडधाकट माणसांना कुठे होती?

त्यानंतर वाडे पडले, हवेल्यांची रिसॉर्ट झाली, आणि भयाला उंच इमारतीत जागा घ्यावी लागली. 2003च्या राम गोपाल वर्मांच्या ‘भूत’मध्ये लिफ्ट आहे, रखवालदार आहे, आणि मृत स्त्रीला न्याय हवा आहे; म्हणजे पत्ता बदलला, मागणे अजून शाबूत होते. खरी कलाटणी मला दिसते ती 2017च्या ‘लपाछपी’त. उसाच्या फडाने वेढलेल्या घरात उषा नाईक यांनी साकारलेली बाई गरोदर पाहुणीला मायेने जेवू घालते, आणि तिथल्या भुतांमागे असते ते जन्माला येऊ न दिलेल्या मुलींचे दुःख. इथे भूत मागत नाही, घरच मागते, आणि तेही वंशाच्या नावाने, गोड बोलून. भगत विचारणार कुणाला?

पडद्याबाहेर, आमच्याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे; होळीला तिथे नारळांची होळी पेटते आणि बाधा झालेली म्हणून आणलेली माणसे, सगळ्या धर्मांची, दुरून येतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना खरे म्हणजे डॉक्टर हवा असतो, आणि अघोरी प्रथांविरुद्ध 2013मध्ये झालेला कायदा मला अत्यावश्यक वाटतो. पण तिथले ते घुमणे, तो आक्रोश भर उन्हात चालतो, हे विसरता येत नाही. अंधाराची सोय सिनेमाला लागते. दुःखाला ती लागत नाही. घरात ज्या सुनेला मोठ्याने बोलण्याची मुभा नाही, तिला भुताच्या आवाजात मागण्याची मुभा मिळते, आणि मग चार माणसे ऐकून घेतात.

म्हणूनच ‘तुंबाड’पाशी मी पुन्हा पुन्हा येतो. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट 2018चा. 2024मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्यापेक्षा मोठी गर्दी जमली. नारायण धारपांच्या कथाविश्वाची त्याला प्रेरणा. देवीच्या गर्भात, भूमीखाली, लवणासुरासारखाच दडलेला हस्तर. त्याच्यापाशी सोन्याच्या मुद्रा आहेत, पण अन्न नाही. चित्रपटाचा नायक विनायकराव दोराला धरून त्या विवरात उतरतो, कणकेची बाहुली पुढे टाकतो, आणि हस्तर ती अधाशासारखी खात असताना त्याच्या लंगोटातून मुद्रा ओरबाडतो. कणकेची बाहुली! आमच्याकडे उतारा म्हणून तिठ्यावर ठेवतात तीच. शतकानुशतके ती भुताचे मागणे पुरवून त्याला वाटेला लावण्यासाठी होती. इथे ती गळाला लावलेले आमिष झाली आहे. माणूस आता भुताला घालवायला जात नाही, लुटायला जातो, मुलालाही शिकवतो, आणि एका बाहुलीने भागेना तेव्हा पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतो. त्या विवरात कुणी हस्तरला विचारले असते, की बाबा तुला काय पाहिजे, तर त्याने मूठभर पीठच मागितले असते.