शास्त्र, शस्त्र आणि दोषाचा धनी

ज्या ग्रंथापुढे मस्तक नमवावे त्याच ग्रंथाचे नाव घेऊन कोणी दुसऱ्याच्या मस्तकावर घाव घातला, तर त्या घावाचा दोष ग्रंथाकडे जातो काय? हा प्रश्न परधर्मीयांना विचारणे सोपे असते. स्वतःच्या ग्रंथाविषयी तो ऐकून घेणे मात्र जड जाते. तथापि जो ब्रह्मविद्येचा अभ्यासक आहे, त्याने तो टाळणे उचित नव्हे.

उदगीरच्या परिसराला हा प्रश्न नवा नाही. सन १७६० मध्ये येथे सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. त्यास कोणी धर्मयुद्ध म्हणेल, तर मराठ्यांच्या तोफखान्यावर इब्राहिमखान गारदी होता, हे ध्यानी घ्यावे. ते युद्ध मुलखासाठी होते. ग्रंथाचा त्यात संबंध नव्हता. पुढे सन १९४७-४८ मध्ये मात्र धर्माचे नाव उघड घेतले गेले. उदगीर तालुका तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या बीदर जिल्ह्यात होता. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या अनुयायांनी खेड्यापाड्यांतून जो अत्याचार केला, तो धर्मरक्षणाच्या घोषणेखाली केला. परंतु त्याच काळात, ऑगस्ट १९४८ मध्ये, हैदराबादेत शोएबउल्लाखान या पत्रकाराची हत्या झाली. तो त्यांचाच सहधर्मी होता, तोच ग्रंथ मानणारा होता. रझाकारांविरुद्ध लिहिणे हाच त्याचा अपराध.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान मुक्त झाले, आणि पारडे फिरले. कालचे पीडित होते त्यांच्यातील काहीजण आज पीडा देणारे झाले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळलेले म्हणून नोंदविले, आणि संस्थानात मृत्यू पावलेल्यांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान असावी असा अंदाज दिला. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. त्याच अहवालात हेही नमूद आहे की, काही हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचे स्वतःच्या प्राणाचे मोल देऊन रक्षण केले. मारणारा आणि वाचविणारा, दोघांच्याही घरी पूजनीय ग्रंथ एकच होते. ग्रंथच जर हात चालवीत असता, तर ते दोन हात दोन दिशांना गेले नसते.

आता आपल्या ग्रंथाकडे वळू. श्रीकृष्ण महाराजांच्या मुखीची गीता पंथास प्रमाण आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात तिच्यावर भाष्य लिहिले, ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांना तीत कर्मयोग दिसला. महात्मा गांधींनी तिला अनासक्तियोग म्हटले, आणि विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात प्रवचने देऊन तिचे मर्म कैद्यांना उलगडले. तीच गीता गांधींच्या मारेकऱ्यालाही प्रिय होती. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशीकडे जाताना नथुराम गोडसे याच्या हाती गीतेची प्रत होती. ज्याने मारले आणि जो मारला गेला, दोघेही गीतेचे वाचक. मग गीतेने कोणाला काय सांगितले?

येथे पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो दुर्बल नाही. एखादा दुराचारी ग्रंथ वाचून सुधारला, तर हा शास्त्राचा महिमा असे आपण म्हणतो. वाचून बिघडला, तर हा जीवाचा दोष असे म्हणतो. यशाचे श्रेय ग्रंथाला आणि अपयशाचा भार माणसाला, हा न्याय कसा? शिवाय अर्जुनाला युद्ध कर असे देवाने सांगितलेच आहे; ते लपविता येणार नाही.

याचे उत्तर पंथाच्या अर्थपद्धतीतच आहे. सूत्राचा अर्थ करताना ते कोणाला उद्देशून, कोणत्या प्रसंगी, कोणत्या प्रश्नावर निरोपिले, हे आपण प्रथम पाहतो. म्हणूनच पूर्वाचार्यांनी सूत्रांची प्रकरणे जतन केली. प्रकरण सुटले की सूत्र लुळे पडते, किंबहुना घातक होते. वैद्याने एका रोग्याला दिलेले तीव्र औषध गावभर वाटले, तर मरणाऱ्यांचे पाप औषधाला लागत नाही, वाटणाऱ्याला लागते. अर्जुनास केलेली आज्ञा अर्जुनाला, त्याच्या रणांगणावर, त्याच्या अधिकारात होती. ज्याला ना ते रणांगण, ना तो अधिकार, ना समोर साक्षात् परमेश्वर, त्याने ती स्वतःस लावून घेणे ही चोरी होय. आणि ज्या गुणांचा उपदेश सर्व साधकांसाठी आहे, त्यांत तेराव्या, सोळाव्या व सतराव्या अध्यायांत अहिंसा स्पष्ट नाव घेऊन आली आहे. एवढेच नव्हे, हा शत्रू मी मारला आणि इतरांनाही मारीन, हे बोल सोळाव्या अध्यायात देवांनी आसुरी मनुष्याच्या मुखी घातले आहेत. गीता हाती घेऊन मारणाऱ्याने निदान ते पान तरी वाचावयास हवे होते.

श्रेयाचा न्यायही येथेच सुटतो. ग्रंथ वाचून जो सुधारला, त्यानेही ग्रंथ प्रकरणासह घेतला, कोणा ज्ञात्याच्या मुखातून घेतला. श्रेय जसे ग्रंथ, सांगणारा आणि ऐकणारा या तिघांत वाटले जाते, तसाच दोषही वाटावा लागतो. त्या वाटणीत ग्रंथ मुक्त होतो, पण सांगणारा मुक्त होत नाही. सन १९४८ मध्ये ज्यांनी घोषणा दिल्या आणि ज्यांनी त्या ऐकून शस्त्र उचलले, त्या दोहोंत पहिल्यांचा वाटा थोडा नव्हता.

हे वचन पंथाच्या महंतांना, भिक्षुकांना व वासनिकांनाही लागू आहे. अन्य देवतांची भक्ती करू नये, अनन्य असावे, हा आपला दंडक. तो साधकाच्या स्वतःच्या चित्तासाठी आहे. तोच ऐकून कोणी उपदेशी शेजाऱ्याच्या देवाची निंदा करू लागला, त्याच्या देव्हाऱ्याकडे पाहून थुंकला, तर सूत्राचा दोष नाही. पण त्याला उपदेश देणाऱ्याने प्रकरण सांगितले होते काय, हे विचारावे लागेल. आज तोंडातून गेलेली निंदा उद्या हातात दगड देते.

शास्त्रज्ञ असूनही क्रूर होता येते, हे पंथाने आपल्याच अंगावर सोसले आहे. व्रते-दाने सांगणारा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचणारा हेमाद्री पंडित स्वामींच्या छळामागे होता, असे आपली परंपरा सांगते. म्हणून विद्वत्तेचा गर्व पंथात कोणी धरू नये.

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांना ठाऊक आहे. पारध्यांच्या भयाने पळालेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली शिरला, आणि स्वामींनी त्यास पारध्यांच्या हाती दिले नाही. त्या सशाला धर्म नव्हता, ग्रंथ नव्हता. त्याला आसरा हवा होता. ज्या शेजाऱ्यांनी १९४८ साली दार उघडून कोणाला आत घेतले, त्यांनी ही लीळा वाचली असेल अथवा नसेल. आचरली मात्र निश्चित. ग्रंथ निर्दोष आहे हे वादात सिद्ध करण्यापेक्षा, आपल्या जानूखाली कोणाला जागा आहे हे ज्याने त्याने पाहावे. दंडवत प्रणाम.