क्षेम कोणी वाहायचं?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २२.

हा श्लोक तुम्हाला पाठ नसला तरी तो तुमच्या घरात बहुतेक असेलच. कपाटातली एलआयसीची पॉलिसी काढून बघा. ज्योत जपणाऱ्या दोन हातांच्या चिन्हाखाली याच श्लोकाचे शेवटचे शब्द आहेत. भगवंत म्हणतात, दुसरं काही मनात न आणता जे माझं चिंतन करतात आणि कायम माझ्याशी जोडलेले राहतात, त्यांचं योगक्षेम मी वाहतो.

शंकराचार्यांनी भाष्यात या जोडशब्दाची साधी फोड केली आहे. आपल्याकडे नाही ते मिळणं म्हणजे योग. मिळालेलं राखणं म्हणजे क्षेम. आता आपल्या प्रार्थना आठवून बघा. नोकरी लागू दे, फ्लॅट होऊ दे, लग्न ठरू दे. सगळा योग! ‘आहे ते नीट राहू दे’ यासाठी नवस बोललेलं कधी ऐकलंय? क्षेमाची आठवण आपल्याला दवाखान्यात होते, नाहीतर गळक्या छताखाली.

आणि इथेच एक प्रश्न उभा राहतो. क्षेमही देवच वाहणार असेल, तर आपण राखण्याची इतकी धडपड का करायची? केली, तर ती श्रद्धेची कमतरता झाली का?

हा प्रश्न मला या उन्हाळ्यात फार जवळून बघायला मिळाला. दादाने साताऱ्याबाहेर घर बांधलं आणि मागच्या परसात २० फूट बाय १० फुटांचा पोहण्याचा तलाव केला. हौस थोडी, कारण मुख्य म्हणजे बाबांचे गुडघे. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. बाबा सांगलीकडच्या खेड्यातले, पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले, त्यामुळे पाणी म्हटलं की त्यांचा चेहरा खुलतो. काम संपलं, नारळ फुटला, फोटो निघाले. मग दादा चार महिन्यांसाठी कामाला परदेशी गेला. वहिनीचं ऑफिस आणि मुलं, माझं काम घरून. म्हणून मी सांगलीहून मुक्कामाला आले आणि तलाव माझ्या वाट्याला आला.

तलाव बांधताना इंजिनिअर होता, गवंडी होते, फरशीवाला होता. राखायला मात्र एक लांब दांड्याची जाळी, एक ब्रश, क्लोरीनची बादली आणि तपासणीच्या दोन नळ्या. योगाला माणसं भरपूर मिळतात हो. क्षेम बहुधा एकट्याने करायचं असतं.

शिकायला लागले तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही, की नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. रोज सकाळी दोन नळ्यांत तलावाचं पाणी घ्यायचं आणि थेंब टाकून रंग बघायचा. एका नळीत पीएच कळतो, तो ७.२ ते ७.८ मध्ये हवा. दुसरीत क्लोरीन, ते दहा लाख भागांत १ ते ३ भाग. नव्या तलावात पीएच सारखा वर चढतो, कारण फरश्यांच्या सांध्यांतलं ताजं सिमेंट पाण्यात उतरत असतं. आणि पीएच चढला की गंमत बघा. क्लोरीन पाण्यात तेवढंच असतं, पण त्याचं बळ जातं. साडेसातला त्यातला साधारण निम्मा भाग जंतू मारायच्या कामाचा असतो, आठला जेमतेम पाव. म्हणजे औषध आहे, पण पोटात शिरल्यावर काम करत नाही, अशी अवस्था. वरून पाणी निळंशार, फोटोला एकदम छान!

आपल्या साधनेचंही असंच होतं, नाही का? माळ चालू आहे, आरती चालू आहे, संख्या बरोबर आहे. पण आत अहंकाराचा पीएच चढलेला असेल तर त्या जपाचा पावभागच कामाला येतो. म्हणून नुसतं ‘केलं की नाही’ एवढं विचारून भागत नाही. थेंब टाकून रंग बघावा लागतो.

दुसरी गोष्ट वासाची. तलावाला उग्र वास आला की आपण म्हणतो, बापरे, किती क्लोरीन टाकलंय! खरं उलट असतं. तो वास घाम आणि इतर घाण यांच्याशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो. मोकळं क्लोरीन पुरेसं असलेल्या स्वच्छ पाण्याला वास जवळजवळ येतच नाही. शुद्धीचा गाजावाजा होतोय तिथे शुद्धी कमी पडतेय असं समजावं. हे वाक्य मी तलावापुरतं ठेवलेलं नाही.

तिसरी गोष्ट उन्हाची. साताऱ्याचं एप्रिलचं ऊन उघड्या पाण्यातलं क्लोरीन काही तासांत खाऊन टाकतं. म्हणून डोस संध्याकाळी द्यायचा आणि रोज बघायचं. काल दिलेला आज पुरत नाही. आमच्याच जिल्ह्यात, माण तालुक्यात गोंदवले आहे. तिथल्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी आयुष्यभर लोकांना एकच सांगितलं, नाम घ्या, आणि ते सोडू नका. इतकं साधं सांगणं लोकांना इतकं अवघड का जातं, ते मला क्लोरीनमुळे समजलं. प्रपंचाचं ऊन रोज पडतं, म्हणून नामही रोज लागतं. नुसतं एका एकादशीला भरपूर घेऊन महिना निघत नाही.

आता जरा कठीण भाग. बाबा पाण्यात उतरतात तेव्हा मला आनंद होतो, आणि त्याच वेळी एक टोचणीही असते. आमच्या तलावात चार फूट पाणी, म्हणजे साडेबावीस हजार लिटरच्या आसपास. याच सातारा जिल्ह्यात माण-खटाव आहेत, सांगलीत जत-आटपाडी आहेत. हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं हा कित्येक घरांचा दिनक्रम राहिला आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ते तुम्हाला आठवत असेल. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत साधारण ५ लाख लिटर पाणी होतं. म्हणजे आमचा तलाव जवळजवळ अर्धी वाघीण. एवढं पाणी परसात ठेवायचा आपल्याला अधिकार आहे का?

गीता तिसऱ्या अध्यायात कडक बोलते. मिळालेलं परत न देता जो नुसता भोगतो, त्याला ती चोर म्हणते. ‘आम्ही पैसे मोजलेत’ हे उत्तर तिथे चालत नाही. मी या प्रश्नाला झटकून टाकणारं उत्तर शोधलं नाही, सापडलंही नसतं. पण एक कळलं. तलाव आता आहे. पाण्याची नीट निगा राखली तर तेच पाणी वर्षानुवर्षं चालतं. आठवडाभर दुर्लक्ष झालं की ते हिरवं पडतं, फारच बिघडलं तर उपसून टाकावं लागतं, आणि मग अर्धी वाघीण गटारात. म्हणजे इथे आळस ही माझी खासगी बाब राहत नाही. त्याची किंमत दुसऱ्याच्या हंड्यातून जाते.

म्हणून जमेल ते करतोय. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं तरी आमच्या तलावातून ९० लिटरच्या वर जातं, त्यामुळे बाबा बाहेर आले की लगेच आच्छादन ओढायचं. फिल्टरची वाळू उलट्या धारेने धुवायची ती तारखेप्रमाणे नाही, दाबाचा काटा खरोखर ८-१० अंकांनी वर गेला तरच. धुतलेलं पाणी टाकीत उन्हात ठेवायचं आणि तपासणीत क्लोरीन शून्य दिसलं की झाडांच्या आळ्यांत सोडायचं. गुडघेदुखीवाले शेजारचे काका-काकू आता सकाळी बाबांबरोबर येतात. आणि फाटकाला कुलूप असतं, कारण परसातलं पाणी लहान मुलांसाठी धोकाही असतं. यातून तलाव पुण्यकर्म होत नाही, हे मला माहीत आहे. पण चोरी थोडी कमी होते.

साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे. नाव बारा मोटांचं, जागा पंधरा मोटांची. १७१९ ते १७२४ या काळात श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली, तसा शिलालेख तिथे आहे. तुम्ही गेलात तर कमानी बघाल, जिने बघाल, लेख वाचाल. पण तीनशे वर्षं त्या विहिरीतला गाळ कोणी काढला? पायऱ्यांच्या फटीत रुजलेले पिंपळ कोणी उपटले? त्यांचा शिलालेख नाही. योगाचा लेख दगडात कोरला जातो, क्षेमाचा कुठेच नाही. आणि तरीही विहीर आज उभी आहे ती त्या बिननावाच्या माणसांमुळे. जुन्या तळ्या-विहिरींचा जीर्णोद्धार हे मोठं पुण्य, असं आपल्याकडे म्हणत आलेत, ते उगाच नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शंकराचार्य भाष्यात स्वतःच शंका काढतात. इतर भक्तांचं योगक्षेमही देवच वाहतो ना, मग अनन्य भक्ताचं वेगळं काय? त्यांचं उत्तर असं, की हो, सगळ्यांचं तोच वाहतो. पण इतर लोक त्याबरोबर स्वतःच्या योगक्षेमासाठी स्वतःही खटपट करत असतात. अनन्य भक्त स्वतःसाठी ती करत नाही.

माझी नजर ‘स्वतःसाठी’ या शब्दावर थांबते. स्वतःच्या क्षेमाची चिंता सुटावी असं आचार्य म्हणतात. दुसऱ्याच्या क्षेमासाठी हात हलवू नका, असं काही त्यात निघत नाही. आणि देव वाहतो म्हणजे काय करतो, ते बघायचं तर पैठणला जावं लागेल. नाथांच्या घरी भगवंत श्रीखंड्या होऊन राहिले आणि बारा वर्षं गोदावरीचं पाणी कावडीने वाहून रांजण भरत राहिले, अशी आपल्या संतपरंपरेची कथा आहे. विचार करा, त्रैलोक्याच्या मालकाला नाथांच्या घरात कुठलंही काम घेता आलं असतं. त्याने पाणी भरायचं घेतलं. रोज रिकामा होणारा रांजण, रोज भरायचा. शुद्ध क्षेम! आणि बारा वर्षं घरात कोणाला पत्ता नाही.

क्षेम नीट झालं की ते दिसतच नाही, ही त्याची खूण आहे. बाबा वीस मिनिटं पाण्यात चालतात, पीएच म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. मग मनात येतं, माझ्याही नकळत माझं किती काय कोणीतरी राखतंय. झोपेत श्वास चालू असतो. पहाटे नळाला पाणी येतं, त्यामागे रात्रपाळीचा कोणी जागा असतो. या सगळ्या हातांतून तोच वाहतोय, असं मला या श्लोकात दिसतं. माझ्या हातातली जाळी हाही त्यातलाच एक हात. मग राखण्याचं काम श्रद्धेच्या विरुद्ध कसं असेल?

सोपवायची ती चिंता. डोस दिला, पंप लावला, आच्छादन ओढलं. त्यानंतर रात्री दोन वाजता ‘वळवाचा पाऊस आला तर?’ म्हणून जागं राहणं, तेवढं त्याच्याकडे द्यायचं. पाऊस त्याचा, सकाळची नळी माझी.

आजचा संकल्प : देवाकडे नवीन काही मागण्याआधी स्वतःला विचारूया, याचं क्षेम करायची माझी तयारी आहे का? नसेल, तर तो योग आज मागायला नको. आणि जे आधीच मिळालंय, शरीर, नातं, घर, गुरुमंत्र, त्यातल्या एकाची आज दहा मिनिटं निगा राखूया. कोणाला न सांगता.

उद्या याच अध्यायातला पुढचा श्लोक.

रामकृष्णहरी!