वृद्ध पित्याचा पाग: पितृसेवा आणि अहिंसा यांच्या सीमेवरील एक प्रश्न

आईवडिलांची सेवा करावी आणि प्राणिमात्राला पीडा देऊ नये, या दोन आज्ञा भारतीय धर्मविचारात इतक्या वेळा शेजारी शेजारी आल्या आहेत की त्यांच्यात कधी विरोध उद्भवेल, अशी शंकाही वाचकाला सहसा येत नाही. विरोध उद्भवतो तो वृद्ध पित्याची उरलेली इच्छाच जीव घेण्याच्या कर्माशी बांधलेली असते तेव्हा. ते कर्म एकट्याने करण्याची ताकद आता त्याच्यात राहिलेली नसते, आणि मुलाने हात दिला तरच ते घडणार असते. उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतात हा प्रश्न दर शरद ऋतूत पडतो. एल्क नावाच्या मोठ्या हरणाचा सुमारे ३०० किलो वजनाचा नर माजावर येऊन रान दणाणून सोडतो, तेव्हा म्हाताऱ्या बापाला आणखी एकदा डोंगरावर नेण्यासाठी मुले बंदुकीची, तंबूची आणि मांस वाहून आणण्याची तयारी करतात. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा हा मार्ग बंद केला आहे. प्रश्न मात्र बंद झालेला नाही, कारण रानातील शिकार थांबली तरी पाण्यातील शिकार चालू आहे, आणि कोकणच्या किनाऱ्यावर ती करणारी घरे पितृसेवेलाही तितकीच मानतात.

नवी मुंबईतील नेरूळला लागून असलेले सारसोळे हे अशा घरांचे गाव आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवे शहर उभे राहिले, आणि आगरी-कोळी समाजाची भातशेती व मिठागरे त्या शहराखाली गेली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात जानेवारी १९८४ मध्ये पाच जणांना प्राण गमवावे लागले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. पण खाडीचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो, त्यामुळे पाण्यावर जगणाऱ्याचे काय गेले याचा हिशेब कागदावर नीट उतरलाच नाही. आज सारसोळ्याचा कोळी पाम बीच मार्ग ओलांडून, खारफुटीतून जेट्टीवर पोहोचतो आणि भरती-ओहोटीच्या मर्जीने होडी काढतो. त्याची मुले नोकरीधंद्याला लागली असली तरी वडिलांना खाडीत जायचे असते. म्हणून येथील पितृसेवेत औषधांच्या वेळा सांभाळण्याबरोबर जाळे तयार ठेवणेही येते.

या ठिकाणी पहिला आक्षेप योगदर्शनाकडून येतो. पतंजलीच्या योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली ती कृत, दुसऱ्याकडून करवलेली ती कारित, आणि दुसऱ्याने केलेली पाहून जिला मनाने संमती दिली ती अनुमोदित. जैन आचारशास्त्रातही हीच त्रयी अत्यंत काटेकोरपणे पाळली जाते. या निकषावर वडिलांसाठी जाळे शिवणारा, होडीला रंग देणारा आणि त्यांना हाताला धरून होडीत बसवणारा मुलगा निर्दोष ठरू शकत नाही. पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, त्याने फेकला नाही इतकेच. आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन कोणतेही प्रामाणिक उत्तर मिळणार नाही.

मात्र त्याच ग्रंथपरंपरेत एक अत्यंत महत्त्वाची जागा आहे, जिच्याकडे कोळीवाड्याच्या संदर्भात फारसे कोणी पाहत नाही. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात यमांना महाव्रत केव्हा म्हणावे हे सांगताना जाती, देश, काळ आणि समय यांनी मर्यादित न झालेली अहिंसा तीच महाव्रत, असे म्हटले आहे. मर्यादित अहिंसा म्हणजे काय हे समजावताना व्यासभाष्याने पहिले उदाहरण घेतले आहे ते मासे धरणाऱ्याचे: त्याची हिंसा माशांपुरती असते, अन्य प्राण्यांबाबत तो हिंसा करीत नाही, म्हणून त्याची अहिंसा जातीने मर्यादित, म्हणजे विशिष्ट प्राणिवर्ग वगळून पाळलेली. तीर्थक्षेत्री मारणार नाही ही देशाने मर्यादित, चतुर्दशीला किंवा पुण्यदिवशी मारणार नाही ही काळाने मर्यादित, आणि अमुक प्रयोजनाखेरीज मारणार नाही ही समयाने, म्हणजे संकेताने वा नियमाने मर्यादित. भाष्यकार या पायऱ्यांना महाव्रताखाली ठेवतो हे खरे, पण त्यांना हिंसा न म्हणता अहिंसेचेच अपुरे रूप मानतो. कोळ्याला नीतीच्या बाहेर उभे न करता नीतीच्या खालच्या पायरीवर जागा देणारी ही दृष्टी आहे, आणि तिच्यामुळेच पुढचा विचार शक्य होतो.

कोळीवाड्यात या मर्यादा पुस्तकाविना पाळल्या जात आल्या आहेत. पावसाळ्यात माशांच्या विणीच्या काळात होड्या ओढून ठेवायच्या आणि श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच पाण्यात उतरायचे, हा काळाने घातलेला नियम आहे. शासनाने यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै अशी बंदी घातली ती याच व्यवहाराची कायद्यातील आवृत्ती म्हणता येईल. त्याहून तीव्र प्रसंग येतो तो घरातील एखाद्याने माळ घातलेली असते तेव्हा. तुळशीची माळ घालून वारकरी झालेला, मासळी सोडलेला मुलगा आणि खाडी न सोडलेला बाप एकाच उंबऱ्याआड राहतात. मुलाने वडिलांच्या जाळ्याला हात लावावा की नाही, हा त्या घरात खराखुरा प्रश्न असतो, आणि हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाला तो टाळता येत नाही.

महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषींनी सांगितलेली धर्मव्याधाची कथा नेमकी याच उंबऱ्यावर घडते. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण एका गृहिणीच्या सांगण्यावरून मिथिलेला जातो आणि तेथे त्याला धर्म शिकवणारा माणूस भेटतो तो मांसाच्या दुकानात. हा व्याध डुकराचे व म्हशीचे मांस विकतो, स्वतः प्राणी मारीत नाही, स्वतः मांस खातही नाही, आणि तरीही पिढीजात धंदा सोडीत नाही. आपल्या सिद्धीचे रहस्य म्हणून तो कौशिकाला घरी नेऊन उत्तम आसनांवर बसलेले वृद्ध आईवडील दाखवतो आणि हीच आपली दैवते असे सांगतो. उलट कौशिक हा वेदाध्ययनासाठी आईवडिलांची अनुमती न घेता घर सोडून आला होता आणि त्या शोकाने ते दोघे आंधळे झाले होते. व्याध त्याला परत पाठवतो. कीर्तनांत ही कथा बहुधा येथेच संपते आणि पितृसेवा सर्व दोष धुऊन काढते असा अर्थ निघतो. तो अर्थ अपुरा आहे. मूळ कथेत व्याध स्वतःच्या धंद्याला निर्दोष म्हणत नाही. तो घोर आहे हे तो मान्य करतो, आणि पूर्वजन्मी शिकारीच्या वेळी आपल्या बाणाने एक ऋषी जखमी झाला, त्याच्या शापाने हा जन्म आला, असे कारणही देतो. त्याचा खरा युक्तिवाद वेगळा आहे. नांगर चालतो तेव्हा जमिनीतले असंख्य जीव मरतात, धान्याचे दाणे हेही जीवच आहेत, चालणाऱ्याच्या पायाखाली प्राणी चिरडले जातात. म्हणून संपूर्ण अहिंसक असा कोणी नाही, अहिंसेला वाहून घेतलेल्या यतींकडूनही हिंसा होते, फक्त यत्नाने ती कमी होते.

‘यत्नाने कमी होते’ हा या कथेचा गाभा आहे. वृद्ध पित्याला मदत करणाऱ्या मुलाचा धर्म ‘करावे की करू नये’ या निर्णयात जितका आहे, त्याहून अधिक तयारीच्या तपशिलात आहे. पाग हे हाताने फेकायचे गोल जाळे असते. त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. मध्याची दोरी मनगटाला बांधून, जाळ्याचा एक भाग कोपरावर घेऊन, कंबरेतून वळत ते असे भिरकवावे लागते की हवेत त्याचे पूर्ण वर्तुळ उघडेल आणि सगळी कड एकाच वेळी पाण्यावर पडेल. खांदा आखडलेल्या म्हाताऱ्याचा पाग उघडतच नाही, गोळा होऊन पडतो. त्याच्यासाठी पाग तयार करायचा तर घेर लहान हवा, शिसे कमी हवे आणि आस, म्हणजे जाळ्याच्या धाग्यांमधील भोक, मोठी हवी. मोठ्या आसेच्या जाळ्यात धागा कमी लागतो, पाणी लवकर निथळते आणि ओढताना हाताला भार कमी होतो. याच मोठ्या आसेतून बोईटांची पिल्ले आणि बारीक कोलंबी सुटून जाते. म्हणजे बापाच्या खांद्याची काळजी आणि माशाच्या पिलाची काळजी येथे एकाच गाठीत बांधली जाते. एल्कच्या शिकारीतही हेच दिसते. थकलेल्या डोळ्यांच्या आणि थरथरत्या हातांच्या बापाला जवळच्या अंतरावरूनच नेम धरता येतो, म्हणून समजूतदार मुलगा त्याला अशा जागी बसवतो जिथून दूरचा प्राणी टप्प्यात येणारच नाही. आणि प्राणी जखमी होऊन रानात तडफडत मरण्याचा धोका त्यामुळेच कमी होतो.

हा मेळ सर्वत्र बसतो असे मात्र समजू नये. नायलॉनच्या धाग्याने जाळी हलकी झाली, वृद्ध हातांना ती पेलू लागली. पण सुती जाळे तुटून खाडीत राहिले तर कुजून जात असे, नायलॉनचे जाळे खारफुटीच्या मुळांत अडकून, मालक घरी झोपलेला असताना, चिंबोऱ्या आणि मासे मारीत राहते. दुर्बिणीच्या बंदुकीने म्हाताऱ्याला दूरचे दिसते, आणि म्हणूनच त्याला दूरवर गोळी झाडण्याचा मोह होतो. सोय आणि करुणा वेगळ्या वाटांनी जाऊ लागल्या की पितृसेवेच्या नावाखाली सोयीलाच निवडले जाते. तेथे मुलाने अडकलेले जाळे सोडवायला स्वतः चिखलात उतरले पाहिजे. वडिलांची हिंसा वाढू नये म्हणून केलेले हे कष्ट सेवेच्या बाहेरचे नाहीत.

रामायणातील श्रावणबाळाची कथा महाराष्ट्रात आईवडिलांच्या भक्तीसाठी सांगितली जाते, पण ती शिकारीचीही कथा आहे. शरयूच्या काठी अंधारात दशरथाने शब्दवेधी, म्हणजे आवाजावर नेम धरून सोडलेला, बाण मारला, कारण घागर भरण्याचा आवाज त्याला हत्तीच्या पाणी पिण्याचा वाटला. समोर काय आहे हे न पाहता शस्त्र सोडणे हा त्याचा अपराध होता आणि तो त्याच्या तारुण्यात घडला. वयाने दृष्टी जाते तेव्हा तोच अपराध नकळत घडण्याची शक्यता वाढते. वृद्ध शिकाऱ्याच्या शेजारी बसलेला मुलगा त्याचे डोळे होतो असे म्हणायचे असेल, तर ‘आता नको’ म्हणण्याचा अधिकारही त्या डोळ्यांना असला पाहिजे.

मग वृद्धाने या वयात हे सोडूनच का देऊ नये, असा दुसरा आक्षेप येतो. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायाने सुरकुत्या, पांढरे केस आणि नातवंड दिसले की वानप्रस्थ, म्हणजे गृहस्थी आवरून वनात राहण्याचा आश्रम, सुचवला आहे. परंतु सोडणे हे ज्याचे त्याने करायचे असते. मुलाने होडी विकून टाकणे याला बापाचा वानप्रस्थ म्हणता येत नाही. २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्याने अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांची जबाबदारी मुलांवर टाकली, आणि ती टाकणे गरजेचेच होते. ज्याची ओळखच खाडीशी जोडलेली आहे त्याला चौथ्या मजल्यावरच्या खोलीत उत्तम जेवण देऊन बसवले तर कायदा पाळला जातो. पण धर्मव्याधाने आईवडिलांना ज्या अर्थाने दैवत म्हटले तो अर्थ त्यात येत नाही.

तरीही एक दिवस असा येतो की मुलाने नकार दिलाच पाहिजे. त्यासाठी शांतिपर्वात भीष्माने युधिष्ठिराला सांगितलेली चिरकारीची कथा उपयोगी पडते. गौतम ऋषीने रागाच्या भरात आपल्या चिरकारी नावाच्या मुलाला आईचा वध करण्याची आज्ञा दिली आणि तो निघून गेला. सर्व गोष्टी सावकाश करणाऱ्या त्या मुलाने पित्याची आज्ञा श्रेष्ठ की मातेचे प्राण, याचा विचार करता करता बराच काळ घालवला. पश्चात्तापाने परतलेल्या पित्याला पत्नी जिवंत दिसली आणि त्याने मुलाच्या विलंबालाच आशीर्वाद दिला. येथे पुत्राने आज्ञा मोडली नाही आणि पाळलीही नाही. पित्याला स्वतःच्या आज्ञेकडे पुन्हा पाहण्यासाठी वेळ दिला. ‘आज होडीची डागडुजी करू, उद्या जाऊ’ म्हणणाऱ्या मुलाचा उशीर याच जातीचा असू शकतो, मात्र डागडुजीची गरज खरी असली पाहिजे.

कारण खोटे बोलून वेळ मारून नेणे कोळ्याच्या घरात नुसते पाप नाही, ते अशक्यही आहे. कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास, आणि तेव्हाच उधाणही मोठे. हा हिशेब ज्याने आयुष्यभर बोटांवर केला, त्याचे गुडघे गेले, कान गेले, तरी तो हिशेब जात नाही. ‘बाबा, आज पाणी बरोबर नाही’ असे मुलाने सांगितले की म्हातारा मनात तिथी मोजतो आणि पाणी बरोबर आहे हे त्याला कळते. त्याचबरोबर आपल्याला आता लहान मूल समजले जात आहे हेही कळते. खाडीत न जाण्याच्या दुःखापेक्षा हे दुसरे दुःख मोठे असते. म्हणून जो मुलगा नाही म्हणणार असेल त्याने पाण्यावर दोष न टाकता, तोल जातो, होडी हलली तर सावरता येत नाही, हे वडिलांच्या समोर बसून सांगावे, त्यांचा राग ऐकून घ्यावा, आणि ते म्हणाले की ‘तू चल बरोबर, पाग तू टाक’, तर माळ घातलेल्या मुलाने काय करायचे हे त्याने त्या दिवसाआधीच ठरवलेले असावे.