आकडा चुकतो कसा

जुन्या रेडिओचा डिजिटल डिस्प्ले बिघडला की बहुतेकांचा हात आधी स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. माझ्या मते आधी कागद-पेन्सिल घ्यावी आणि डिस्प्ले काय दाखवतोय ते जसेच्या तसे लिहून काढावे. हा आकडा चुकला तरी मन मानेल तसा चुकत नाही. प्रत्येक बिघाडाची चुकण्याची रीत ठरलेली असते, आणि ती ओळखली की निम्मे काम बाहेरच्या बाहेर होते.

त्यासाठी आकडा येतो कुठून ते बघू. सत्तरच्या दशकाअखेरीस पॅनासॉनिक आरएफ-२८०० सारखे, लाल आकड्यांचे संच बाजारात आले. आकडे नवे असले तरी आतली स्टेशन लावण्याची पद्धत जुनीच, गँग कंडेन्सर फिरवण्याची. आकडा स्टेशन लावत नाही, गँगने काय केले ते मोजून सांगतो, एवढेच. म्हणून गाणे स्वच्छ ऐकू येते आणि आकडा मात्र भलताच, असे होऊ शकते. तसे असेल तर रेडिओ निर्दोष; दोष मोजणाऱ्यात.

आता मोजणी. पुणे आकाशवाणी लावले, ७९२ किलोहर्ट्झ. त्या वेळी संचातला ऑसिलेटर ७९२ वर नसतो. तो ठरलेल्या ४५५ ने वर, १२४७ वर चालतो. मोजणाऱ्या भागाचे, म्हणजे गणकाचे, दार एक मिलिसेकंद उघडे राहते, तेवढ्यात १२४७ कंपने आत येतात. त्यातून ४५५ वजा करून गणक ७९२ दाखवतो. तेलवाला आधी रिकाम्या डब्याचा धडा करून घेतो, तसेच हे. डिस्प्लेवर १२४७ दिसले तर समजावे, धडा करायचा राहिला. किती वजा करायचे हे बऱ्याच संचांत बँड स्विचच्या संपर्कांवरून गणकाला कळते. ते काळवंडले की निरोप पोचत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून स्विच दहा-पंधरा वेळा मागेपुढे फिरवला की पुष्कळदा तेवढ्यावर भागते.

याचीच उलटी बाजू जास्त गमतीची. समजा पाच आकडी गणकावर ९९५४५ आले आणि गँग कितीही फिरवली तरी हलेना. आकडा वेडगळ वाटतो, पण १,००,००० मधून ४५५ वजा करून पाहा. गणकाकडे काहीच पोचलेले नाही. शून्यातून ४५५ काढताना तो उलटा फिरून तिथे जाऊन बसला आहे. तेव्हा ऑसिलेटरपासून गणकापर्यंतची वायर, मधला छोटा कपॅसिटर आणि बफर ट्रान्झिस्टर एवढेच तपासायचे. सिग्नल पोचतोय पण अशक्त आहे, असे असेल तर काही कंपने मोजणीतून निसटतात. आकडा नाचतो, आणि नाचताना बहुधा खऱ्यापेक्षा कमीच दाखवतो.

आकडा खरा की खोटा हे पडताळायला मध्यम लहरींवर एक सोपी युक्ती आहे. १९७५ च्या जिनिव्हा परिषदेत आशिया, आफ्रिका आणि युरोपासाठी ९ किलोहर्ट्झचे अंतर ठरले. १९७८ च्या नोव्हेंबरपासून ते अमलात आले. तेव्हापासून आपली केंद्रे ९ च्या पटीत बसतात. पुण्याचे ७९२, नागपूरचे ५८५, मुंबईचे ५५८: अंकांची बेरीज प्रत्येक वेळी १८. १२४७ ची बेरीज १४, ९ च्या पटीत नाही. खोटेपणा तिथेच उघडा पडला.

पण समजा ५५८ च्या जागी ५५६ दिसले. बेरीज १६. वजाबाकी अशी फक्त २ ने चुकत नाही. मोजणी बरोबर आहे, लिहिण्यात खोट आहे. आठमधली उजवीकडची वरची रेघ विझली की त्याचा सहा होतो, नवाचा पाच होतो. पाचात ती रेघ मुळातच नसते, म्हणून पहिले दोन अंक शाबूत दिसले. आता ७९२ लावा. सातही तुटका आणि नवाच्या जागी पाच दिसला, तर ती रेघ सगळ्याच घरांत, म्हणजे सगळ्याच अंकांच्या जागी, गेली आहे. एकाच घरात गेली असेल तर त्या घरातला एलईडी मेला. दुसरा शोधणे आले. सगळ्या घरांत गेली असेल तर एलईडीला बोल लावू नये. डिस्प्लेत सगळी घरे एकदम पेटत नाहीत, एकामागून एक इतक्या झपाट्याने पेटतात की डोळा फसतो; आणि ‘उजवी वरची’ या रेघेला सगळ्या घरांत मिळून एकच वायर असते. त्या वायरीचा ड्राय सोल्डर, रेझिस्टर किंवा ट्रान्झिस्टर पाहावा. पूर्ण घरच काळे असेल तर त्या घराचा ट्रान्झिस्टर.

यासू एफआरजी-७७०० सारख्या संचांतले हिरवट डिस्प्ले एलईडीचे नाहीत, त्या निर्वात नळ्या आहेत. तिथे सगळेच आकडे सारखे मंदावले तर नळीला नावे ठेवण्याआधी तिचा वीजपुरवठा आणि वाळलेले कपॅसिटर बघावेत. त्या पुरवठ्यात पंचवीस-तीस व्होल्ट असू शकतात, आणि पलीकडे घरची वीज असतेच. प्लग काढूनच हात घालावा.

उरतो तो सगळ्यात सभ्य दिसणारा दोष. पुणे बरोबर ७९२ दिसते, पण १० मेगाहर्ट्झवरचे प्रमाण-वेळेचे केंद्र १०,००१ वर. फरक कायम राहत नाही, कंप्रतेबरोबर वाढतो; म्हणजे गणकाचे घड्याळ, त्याचा क्रिस्टल, दहा हजारांत एकाने सरकला आहे. बहुतेक बोर्डांवर त्याच्याशेजारी एक छोटा ट्रिमर असतो.

आणि आकडा हळूहळू ७९२, ७९१, ७९० असा उतरतोय, आवाजही सोबतच घोगरा होतोय, असे असेल तर डिस्प्ले बोर्डाला हात लावू नये. तो खरे सांगतोय. ऑसिलेटर सरकतो आहे. गँग आणि तिच्या आसपासचे कपॅसिटर तपासायला घ्यावेत.