वाजश्रवसाच्या गाई

गेल्या महिन्यात साताऱ्यात एका व्याख्यानात आमचे एक विद्वान स्नेही म्हणाले, "दिलेल्या वस्तूचं पुढं काय झालं हे विचारू नये. हात सुटला की दान पुरं झालं." टाळ्या पडल्या. सवयीनं मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र वाक्य डोक्यातून जाईना, कारण हात सुटल्यावर काय होतं ते मी सांगलीकडं पाहिलं आहे.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची खूण ४५ फुटांवर. कृष्णा ५७ च्या वर गेली होती. पाणी ओसरू लागल्यावर आम्ही साताऱ्याहून टेम्पो भरून निघालो. पलूस तालुक्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात आमच्या आधीच कपड्यांचा छातीइतका ढीग पडला होता. त्यात खोट्या मोत्यांची शेरवानी होती, कुठल्याशा इंग्रजी शाळेचे टाय होते, हुक तुटलेले ब्लाऊज होते. नव्हते ते परकर, टॉवेल, आतले कपडे. एका बाईनं शेरवानी दोन बोटांत उचलली, "आता ह्यात कुणाचं लगीन लावू?" म्हणाली आणि टाकून दिली. रात्री सर आली, ढीग भिजला. पुढच्या फेरीला गेलो तेव्हा कुजक्या गाद्यांबरोबर तोही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढत होता. आमचे गठ्ठे मला ओळखू आले. गाव पुराचा गाळ उपसत होतं, त्यात आमचाही होता.

'धर्माची गाय, दात का नाय?' ही म्हण गाय देणाऱ्यानंच केलेली असणार. घेणाऱ्यानं तोंड उघडलं की ही म्हण त्याच्या तोंडावर मारायची. माझ्या माहितीत गाईचे दात देणाऱ्याच्या बाजूनं मोजणारा एकच निघाला, आणि तो पोरगा होता. कठोपनिषदातला नचिकेता.

बाप वाजश्रवस सर्वस्व देण्याचा यज्ञ करतो आणि देतो काय, तर शेवटचं पाणी पिऊन झालेल्या, शेवटचं गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या गाई. पोराला ते बघवत नाही. मला कुणाला देणार, असं तो तीनदा विचारतो. बाप चिडून म्हणतो, मृत्यूला. इथून पुढं सगळे भाष्यकार पोराबरोबर यमाच्या दारात जाऊन बसतात, आत्मा आणि अमरत्व यांची चर्चा रंगते. गोठ्यात कुणी थांबत नाही. त्या गाईंचं काय झालं? ज्यांना त्या मिळाल्या त्यांना दूध मिळालं नाही, पण वैरण घालावी लागली असणार. मेल्यावर ओढून न्यायला माणसं लावावी लागली असणार. वाजश्रवसाचा गोठा मोकळा झाला आणि खर्च दुसऱ्याच्या दारात गेला. वर गंमत अशी, की नचिकेत्यानं यमाकडं पहिला वर मागितला तो बापाचा राग शांत व्हावा म्हणून. म्हणजे दात्याच्या मनःशांतीची सोय तिथंही सगळ्यांत आधी!

माळ्यावरची जागा मोकळी करणं आणि दान करणं या दोन गोष्टी एकाच पिशवीत भरता येतात, हा आपला शोध नाही. इंग्लंडात दानात आलेल्या जुन्या वस्तू विकणारं ऑक्सफॅम संस्थेचं दुकान ऑक्सफर्डला १९४७ साली निघालं. आज अशा दुकानांत न खपलेलं कापड व्यापारी वजनावर उचलतात. त्यातलं काही घानाच्या कांटामांटो बाजारात उतरतं. परदेशातले जुने लोकरी कपडे कांडला बंदरातून पानिपतला येतात, बटणं-चेन काढून रंगवार फाडले जातात, पिंजून पुन्हा सूत होतं आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं निघतात. संकटात वाटायला अशीच घेतात. लंडनचा कोट फिरत फिरत भिलवडीच्या एखाद्या म्हातारीच्या अंगावर पडलाही असेल. तो निदान ब्लँकेट होऊन तरी आला.

इथवर लिहून जुनं देऊच नये असा निवाडा करणार होतो. पण आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराला पहिलं कापड लागलं ते जुनेराचंच. नवं कापड कोवळ्या अंगाला टोचतं म्हणून आजीचं धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून दुपटी करायचे. उरलेल्याची वाकळ. तेव्हा अपमान जुनेपणात नाही, हे मला कबूल करावं लागतं. मग कशात आहे? मला वाटतं, त्या शाळेतल्या बाईला ढीग दारात यायच्या आधी 'नको' म्हणता आलं नाही, त्यात. १९९९ पासून 'गूंज' ही संस्था चालवणारे अंशू गुप्ता गावकऱ्यांनी विहीर खणली, रस्ता केला की मोबदला म्हणून कपडे देतात. मोबदला म्हटलं की माल पारखून घेता येतो. आणि आमच्या पेठेतली बोहारीण तर कुठलंही उपनिषद न वाचता दात मोजतेच.

परवा दिवाळीच्या आवराआवरीत ती आली. उंबऱ्यावर बसून तिनं माझा एकेक शर्ट उजेडात धरला, काखेत बोट घालून शिवण ओढून पाहिली. "चार घेते. हे तीन न्हाईत, कॉलर गेल्या." मी म्हटलं, अशीच घेऊन जा, फुकट. "फुकट घेऊन ठेवू कुठं?" ती म्हणाली. एका स्टीलच्या पातेल्यावर सौदा पटला.

ती गेल्यावर बायकोनं ते तीन शर्ट घडी घालून कापडी पिशवीत भरले. "माणुसकीच्या भिंतीला अडकवून येते," म्हणाली. मी या लेखाचं दुसरं पान लिहीत होतो. मान वर न करता "बरं" म्हणालो.