हृदयाची साक्ष

माणसाच्या प्रत्येक कर्माची नोंद कोठेतरी होत असते, ही श्रद्धा आपल्याकडे चित्रगुप्ताच्या वहीच्या रूपाने घरोघरी पोहोचलेली आहे. तीर्थक्षेत्री येणारा भाविक अभिषेक करतो, अन्नदानाची पावती घेतो, तेव्हाही त्या वहीची जाणीव त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात असतेच. ही श्रद्धा केवळ भारतीयांची नव्हे. इजिप्त, इराण व ग्रीस येथील प्राचीन लोकांनीही आपापल्या परीने तिचे चिंतन केले, आणि त्या सर्वांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला: विधीने किंवा दानाने हा हिशेब बदलता येतो काय?

या हिशेबाचे सर्वांत रेखीव चित्र प्राचीन इजिप्शियनांनी काढले. इ.स.पू. सुमारे १५५० पासून तेथे मृताबरोबर मंत्रांची एक पोथी ठेवण्याची प्रथा रूढ झाली. तिला आज ‘मृतांचा ग्रंथ’ या नावाने ओळखतात. मृत व्यक्ती बेचाळीस देवतांसमोर उभी राहून आपण कोणती पापे केली नाहीत ते सांगते. चोरी केली नाही, कोणाला रडविले नाही, वजनमापात खोट केली नाही. त्यानंतर तराजूच्या एका पारड्यात तिचे हृदय व दुसऱ्यात ‘मात’ देवतेचे पीस ठेवले जाते. मात म्हणजे सत्य, न्याय आणि विश्वाची सुव्यवस्था. आपल्याकडील ‘ऋत’ या वैदिक कल्पनेशी तिचे साम्य सहज लक्षात येते. कोल्ह्याच्या मुखाचा अनुबिस तराजू पाहतो, थोथ देव निकाल लिहून घेतो. हृदय दोषी ठरले, तर मगरीचे तोंड, सिंहाचा पुढचा भाग व पाणघोड्याचा मागचा भाग असलेली अम्मित राक्षसी ते गिळून टाकते.

येथे हृदयच का तोलले जाते, हे पाहण्यासारखे आहे. इजिप्शियनांच्या मते बुद्धी आणि स्मृती यांचे स्थान हृदयात होते. म्हणून शव जतन करताना मेंदू काढून टाकीत, पण हृदय जागीच ठेवीत. माणसाने जे जे केले ते त्याच्या हृदयाला ठाऊक असे, आणि न्यायसभेत तेच साक्षीदार होई. याच श्रद्धेतून एक विलक्षण प्रथा निर्माण झाली. मृताच्या छातीवर भुंग्याच्या आकाराचा कोरीव दगड ठेवीत. त्यावर कोरलेल्या मंत्रात मृत व्यक्ती आपल्याच हृदयाला विनवते, की तराजूपुढे माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. देवांना नैवेद्य देता येतो; स्वतःच्या हृदयाला गप्प बसविण्यासाठी मात्र दगडावर मंत्र कोरावा लागला. भीती नेमकी कोणाची होती, हे यावरून उघड होते.

या पोथ्या विकत मिळत. काही तर आधीच लिहून तयार ठेवलेल्या असत आणि नावाची जागा कोरी सोडलेली असे. ग्राहक आला की त्याचे नाव भरले जाई. आनी नावाच्या लेखनिकाची इ.स.पू. तेराव्या शतकातील सुप्रसिद्ध पोथी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे आहे. तिच्या चित्रात आनीचे हृदय अर्थातच निर्दोष ठरते. आपले हृदय दोषी ठरल्याचे चित्र असलेली पोथी कोण विकत घेईल?

इराणमध्ये जरथुष्ट्राच्या अनुयायांनी हाच विचार निराळ्या रीतीने मांडला. मृत्यूनंतर चौथ्या दिवशी पहाटे आत्मा चिन्वत पुलापाशी येतो. सज्जनासाठी तो पूल रुंद होतो, दुर्जनासाठी पात्याच्या धारेइतका अरुंद. तेथे आत्म्याला एक तरुणी भेटते. ती सुंदर असेल किंवा कुरूप, ‘तू कोण?’ असे विचारताच ती सांगते, की मी तुझेच विचार, तुझीच वाणी, तुझीच कृती. आपल्या शेजारी राहणाऱ्या पारशी बांधवांमध्ये उठमण्याच्या वेळी दिवंगताच्या स्मरणार्थ दान जाहीर करण्याची प्रथा आहे. तथापि त्या तरुणीचे रूप मृताच्या हयातीतच ठरून गेलेले असते.

ग्रीसमध्ये प्लेटोने हा प्रश्न अधिक रोखठोकपणे विचारला. त्याच्या ‘गॉर्जियस’ या संवादात सॉक्रेटिस एक कथा सांगतो. पूर्वी माणसांचा न्याय मृत्यूपूर्वी, जिवंतपणीच होत असे. लोक उंची वस्त्रे, कुळ व संपत्ती मिरवीत आणि साक्षीदार घेऊन येत. त्यामुळे निवाडे चुकत. म्हणून झ्यूस देवाने न्याय मरणोत्तर व विवस्त्र आत्म्याचा करण्याची आज्ञा केली. मग समोर सम्राटाचा आत्मा आहे की आणखी कोणाचा, हे न्यायाधीशास कळत नाही; दिसतात ते फक्त असत्य आणि अन्याय यांनी उमटलेले व्रण. ‘रिपब्लिक’ या त्याच्या ग्रंथात तर श्रीमंतांच्या दारी जाऊन यज्ञ व मंत्र यांनी पाप धुऊन देण्याचे आश्वासन देणाऱ्या भिक्षुकांविषयी स्पष्ट तक्रार आहे.

आपल्या परंपरेने ही तक्रार बाहेरच्यांवर सोडली नाही. ती थेट यज्ञमंडपातच मांडली. महाभारतातील शकुंतला भर सभेत दुष्यंताला बजावते, की आपण एकटे आहोत असे समजणाऱ्याला स्वतःच्या हृदयात वसणाऱ्या साक्षीचा विसर पडलेला असतो. त्याच महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात युधिष्ठिराचा यज्ञ थाटात पार पडतो आणि अर्धे अंग सोन्याचे असलेले एक मुंगूस तेथे येते. कुरुक्षेत्रात शेतात सांडलेले दाणे वेचून जगणाऱ्या एका ब्राह्मण कुटुंबाने उपाशी असताना आपला सातूच्या पिठाचा वाटा अतिथीला दिला होता. त्या जागी लोळल्याने मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले. युधिष्ठिराच्या यज्ञभूमीत उरलेले अर्धे अंग तसेच राहिले.

कठोपनिषदातील प्रसंग याहून बोचरा आहे, कारण तो घरातला आहे. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला आणि दक्षिणा म्हणून दिल्या त्या शेवटचे पाणी प्यायलेल्या, शेवटचे दूध देऊन आटलेल्या गाई. मृताला वैतरणी पार करविण्यासाठी ज्या गोदानाची योजना आपल्याकडे आहे, तेच हे गोदान. गाई दिल्या गेल्या, विधीतही उणे नव्हते. पण बालक नचिकेत्याला ते पाहवले नाही. ‘बाबा, मला कोणाला देणार?’ असे त्याने पुनःपुन्हा विचारले. ‘तुला मृत्यूला दिले!’ असे पिता संतापून म्हणाला. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांत अनादराने व तुच्छतेने दिलेले दान तामस मानले आहे. येथे अनादर घेणाऱ्याचाही होता आणि गाईंचाही.

एवढ्यावरून नचिकेता विधींचा विरोधक होता असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिल्यानंतर त्याला तीन वर मिळाले. दुसऱ्या वराने त्याने स्वर्गप्राप्तीच्या अग्निविद्येचीच मागणी केली, आणि यमाने त्या अग्नीला त्याचेच नाव दिले. पहिल्या वराने त्याने मागितले ते इतकेच: पित्याचा राग निवळावा, त्याचे मन शांत व्हावे, आणि आपण घरी परतू तेव्हा त्याने आपल्याला ओळखून प्रेमाने बोलावे.