दामाजीपंतांची पावती

रामकृष्ण हरि.

वाचकहो, "आजकाल कुणाचंच खरं राहिलं नाही" हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो? विसाव्याच्या झाडाखाली, एसटीत, डेअरीच्या रांगेत, आणि हल्ली कीर्तन सुटल्यावर मंडपाच्या दारातसुद्धा. पेपरवाले विकले गेले, डॉक्टर औषध कंपन्यांचे, कोर्ट पैशाचे, सरकार तर बोलायलाच नको. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहा. तो हे दुःखाने म्हणत नसतो. त्याच्या चेहऱ्यावर थोडे समाधान असते. इतरांना जे कळले नाही ते आपल्याला कळले, असे ते समाधान आहे. त्याच्याविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. रविवार होता, आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते. त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे पंढरपूरच्या शेजारचे. पोरे पळवणारी टोळी फिरते आहे अशी वार्ता त्या भागात मोबाईलवरून आधीच पसरली होती. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढे निमित्त झाले. जमावाने त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तिथे पाचही जणांचा जीव घेतला.

कार्यालय ग्रामपंचायतीचे होते, हे विसरू नका. गावाने एकत्र बसून, दोन्ही बाजू ऐकून निवाडा करावा म्हणून बांधलेली ती जागा. त्या दिवशी तिथे कुणी कुणाचे ऐकले नाही. त्यांची गावे कोणती, तिथल्या पोलीसपाटलाला एक फोन लावून पाहू, एवढा वेळसुद्धा कुणाकडे नव्हता.

त्या महिन्यांत मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींचा माग पुढे पत्रकारांनी काढला. देशभर फिरलेली एक फीत कराचीतली होती. पालकांनी मुलांना जपावे म्हणून तिथे ती तयार केली होती. तिच्या शेवटी मूल सुखरूप परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. नेमका तोच शेवट कापून ती पुढे पाठवली गेली. मृत बालकांची दृश्ये होती ती सीरियातली, तिथल्या युद्धातली, पाच वर्षांपूर्वीची. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन घातले. बंधन चांगले होते. पण ज्याच्या बोटाला सवय लागली आहे, त्याला पाच ठिकाणे पुष्कळ झाली.

आता विचार करा. राईनपाड्यातील त्या जमावाला आपण अविश्वासू म्हणायचे की विश्वासू? मला वाटते, ते फारच विश्वासू होते. पोलिसांवर त्यांचा भरवसा नव्हता. पण ज्याचे नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, अशा निरोपावर त्यांनी माणूस मारण्याइतका विश्वास ठेवला. "मी कुणावरच विश्वास ठेवत नाही" म्हणणारा प्रत्यक्षात असे कधी करत नाही. माणसाला विश्वास ठेवल्यावाचून जगताच येत नाही. एका दारातून तो काढला की दुसऱ्या दारातून तो आत येतोच. फक्त हे दुसरे दार राखणारा कुणी नसतो.

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कुठे छापले, संपादक कोण. आपण ती कधी वाचत नाही. 1867 च्या कायद्यापासून ती ओळ आपल्याकडे सक्तीची आहे. तिचा अर्थ इतकाच की यात खोटे निघाले तर कुणाची गचांडी धरायची ते लिहून ठेवले आहे. त्या पेपरात चूक असेल, लबाडीही असेल; निवडणुकीच्या दिवसांत पैसे घेऊन बातम्या छापल्या जातात हेही आपल्याला ठाऊक आहे. तरी त्याच्यावर दावा लावता येतो, खुलासा मागता येतो, दुसरा पेपर त्याचे पितळ उघडे पाडू शकतो. निनावी निरोपाची गचांडी कुठे धरणार?

पुष्कळांना वाटते की प्रत्येक गोष्टीमागे डाव शोधणे म्हणजे चिकित्सा. चिकित्सा कशी असते ते आपल्याच घरात पाहू. माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली शके 1212 मध्ये. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरवून घेतली जात होती. उतरवणाऱ्याची चूक व्हायची, कुणी आपल्या पदरची ओवी घुसडायचा, आणि घुसडलेली ओवीही माउलींच्याच नावाने पाठ व्हायची. शके 1506 मध्ये एकनाथ महाराजांनी काय केले? "सगळ्या पोथ्या भ्रष्ट झाल्या, आता कशावर भरवसा ठेवावा" असे म्हणून ते बसून राहिले नाहीत. त्यांनी पोथ्या जमवल्या, समोरासमोर ठेवल्या, पाठ ताडून पाहिले, शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यात पुन्हा कुणी आपली भर घालू नये असे बजावून ठेवले. आज आपण ज्या ग्रंथाचे पारायण करतो तो या कष्टातून आलेला आहे. नाथांनाही संशय आलाच होता. त्या संशयाने त्यांना कामाला लावले. आपला संशय आपल्याला खाटेवर पडून बोट फिरवायला लावतो, एवढाच काय तो फरक.

आणखी एक गोष्ट आपल्या संप्रदायाला धरून आहे. "हे तुम्हाला कुणी सांगणार नाही", "डिलीट व्हायच्या आत वाचा" असे ज्या निरोपात लिहिलेले असते, तो आपल्या अहंकाराला गुदगुल्या करतो. आपण जाणते, बाकीचे मेंढरे. वारकरी पंथ तर गुप्ततेची ही हौस मोडूनच उभा राहिला. गीतेचा अर्थ थोड्यांच्या भाषेत कोंडला होता, तो माउलींनी सर्वांच्या भाषेत आणला. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात जो मंत्र दिला तो त्यांनी झाकून ठेवला नाही. या लेखाच्या आरंभी मी जो लिहिला तोच तो, आणि रस्त्याने चालताना लाखो लोक तो मोठ्याने म्हणतात. आपल्याकडे कानात सांगायचे असे काही उरलेले नाही. मग कानात कुजबुजणाऱ्यांचे आपल्याला इतके आकर्षण का वाटावे?

इथे तुमच्यातले काही जण म्हणतील, महाराज, डाव खरोखर असतातच की. असतात. तुकोबांच्या वाट्याला ते कमी आले नाहीत. आणि सत्तेवरचा अविश्वास लोकांनी उगाच शिकलेला नाही. 1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा रँडच्या हाताखालचे गोरे शिपाई घराघरांत घुसले, देवघरात आणि माजघरात बूट घालून वावरले, माणसे ओढून नेली. त्या लोकांना दवाखान्याची भीती वाटू लागली यात त्यांचा काय दोष? पण त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या बाहेर हडपसरजवळ, सावित्रीबाई फुले यांनी आपल्या डॉक्टर मुलासह प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे आल्या, आणि त्याच आजाराने 10 मार्च 1897 रोजी गेल्या. दोन्ही पालख्या हडपसरला येतात आणि तिथून त्यांचे मार्ग वेगळे होतात. पुढच्या खेपेस तिथे पाय टाकाल तेव्हा ही गोष्ट आठवा. दवाखाना ही वस्तू वाईट नव्हती. तो कुणाच्या हातात आहे आणि रोग्याला माणूस मानतो की नाही, हा प्रश्न होता. त्या पिढीने दवाखाने जाळले नाहीत, आपले दवाखाने काढले.

खरे डाव उघडकीला कसे येतात, तेही पाहा. 1982 साली सिमेंट प्रकरणात आपल्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. ते एका वर्तमानपत्राने कागद धुंडाळून बातम्या छापल्या म्हणून, आणि उच्च न्यायालयाने त्यात लक्ष घातले म्हणून. "सगळेच चोर" असे म्हणत बसलेल्या माणसाने आजवर एकही चोर पकडलेला नाही. उलट चोराला त्याचे हे म्हणणे फार सोयीचे पडते. सगळेच चोर ठरले की त्याच्यावर वेगळे बोट कोण दाखवणार?

मंगळवेढ्याचे नाव निघालेच आहे, तर दामाजीपंतांची कथा पुन्हा एकदा सांगतो. ती तुम्हाला पाठ आहे. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, पंतांनी बादशाही कोठारे उघडली. बादशहाचे बोलावणे आले. तेव्हा पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेतले, बेदरला जाऊन धान्याची रक्कम भरली, आणि मग काय केले? पावती घेतली. कीर्तनात आपण विठूच्या काठीचे, घोंगडीचे वर्णन ऐकण्यात इतके रंगून जातो की पावती निसटते. देवाला पावतीची काय गरज होती? तो काही बादशहाच्या चौकशीला भीत नव्हता. पण कोठार सर्वांचे होते. त्यातले धान्य भुकेल्यांच्या पोटी गेले हे पुण्यच. तरी सर्वांच्या वस्तूचा हिशेब सर्वांना दिसेल असा राहिला पाहिजे. ती पावती पंतांना पोथीत सापडते, ही तर कथेतली मला सर्वांत आवडणारी जागा. गीतेच्या पानांत हिशेबाचा कागद!

आज आपल्यापाशी असा कागद मागण्याचा हक्क आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. गावात पाण्याची टाकी आली आणि पाणी आले नाही, तर "वरपर्यंत हप्ते जातात" अशी चर्चा पारावर वर्षभर चालते. अर्ज मात्र कुणी टाकत नाही, कारण अर्जावर आपले नाव लिहावे लागते. अधिकारी टोलवाटोलवी करतात, अर्ध्या माहितीवर बोळवण करतात, हे मला मान्य आहे. तेव्हा अपील करावे, त्याचीही सोय आहे. हे काम कंटाळवाणे आहे. अफवा मनोरंजक असते.

संस्था म्हणजे काय हे वारकऱ्याला शिकवायला नको. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाज आरतीला आपण उभे राहतो ती एक संस्थाच आहे. तळावर दिंड्या गोल उभ्या असतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली तर तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिथे जातात, काय झाले ते विचारतात, निवारण करतात. त्यानंतर हरवलेल्या, सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याच्या वेळा सांगितल्या जातात, आणि मग आरती. तक्रार दाबलेली नाही, आणि ती अंधारात कुजबुजलेलीही नाही. ज्याची आहे तो सर्वांदेखत टाळ वाजवतो, ऐकणारा कोण हे ठरलेले आहे, आणि ऐकून घेतल्यावाचून आरती सुरू होत नाही. हैबतबाबांपासूनच्या या शिस्तीत किती वाद जिरले असतील, कोण मोजणार!

2020 साली पायी वारी झाली नाही. पादुका एसटी बसने पंढरीला गेल्या. पुढच्या वर्षीही तसेच. वारी कायमची बंद पाडण्याचा हा डाव आहे, असे तेव्हा पुष्कळ बोलले गेले. ज्यांना निर्णय मनापासून चुकीचा वाटला, त्यांच्यातले काही 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांची याचिका फेटाळली गेली. मला त्या याचिका करणाऱ्यांविषयी आदर आहे. त्यांनी टाळ वाजवत ठेवले होते. 2022 च्या आषाढीला आपण पुन्हा चाललो. डाव सांगणाऱ्यांपैकी कुणी "आमचे चुकले" असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. ते लगेच दुसऱ्या डावाकडे वळले.

आता दिंडी निघण्याचे दिवस जवळ येत आहेत. गर्दीत पोर चुकणार, म्हातारी मागे राहणार, हे दरवर्षीचे आहे. दिंडीच्या मोबाईलवर कुणीतरी मुले पळवणाऱ्यांचा फोटो टाकेल, तोही जवळजवळ दरवर्षीचाच. त्या फोटोतला माणूस कुणाच्या तरी गावचा, कुणाचा तरी बाप असेल. तो पुढे ढकलण्याआधी दिंडीप्रमुखांनी एवढे करावे: ज्याने टाकला त्याला बोलावून "तुला कुणी पाठवला" असे विचारावे, आणि फोटो घेऊन त्यालाच पोलीस मदत केंद्रावर पाठवावे. वाळवंटाजवळच्या कर्ण्यावरून दिवसरात्र नावे पुकारली जातात, अमुक गावच्या अमुक आजी इथे बसल्या आहेत, घरच्यांनी येऊन घेऊन जावे. आजीला चहा मिळालेला असतो. तासाभरात नातू धावत येतो.